भूलवाले मजीद डॉक्टर

मजीद डॉक्टरांनी माझा हात पहिल्यांदा धरला तो वाशीम स्टेशनच्या फलाटावर, आणि तोही माझं नाव विचारायच्या आधी.

मी अकोल्याच्या गाडीतून उतरले होते. नर्सिंगचा कोर्स संपवून पहिल्याच नोकरीवर रुजू व्हायला निघालेली सव्वीस वर्षांची बाई. पायाशी पत्र्याची ट्रंक, हातात छत्री, आणि घ्यायला कुणीच आलेलं नाही. मालाच्या डब्यापाशी एक उंच, काटकुळा माणूस हमालाशी भांडत होता.

"आडवी नको धरू रे, उभी धर! अन् ते बिडी फेक आधी. फेक म्हनतो ना! सारं टेसन उडवतं काय?"

लाकडी पेटी एकदाची खाली आली. पेटीत भूल द्यायच्या ईथरच्या बाटल्या होत्या हे मला नंतर कळलं. तो माणूस वळला, त्यानं माझी ट्रंक पाहिली, पांढरे बूट पाहिले, आणि सरळ येऊन माझं मनगट बोटांत पकडलं. दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढलं.

"एकशे दहा," तो म्हणाला. "दवाखान्यातच चालल्या ना? मंग एवढ्या भेऊन कायले राह्यल्या?"

मी हात हिसकावून घेतला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. माझी ट्रंक त्यानं पेटीसोबत बैलगाडीत टाकली, मला वर बसायला सांगितलं आणि स्वतः सायकल घेऊन पुढे निघाला. थोडं पुढे जायचा, मागे वळून गाडीपाशी यायचा, पेटीवर हात ठेवून पाहायचा, पुन्हा पुढे जायचा. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्या माणसानं तिप्पट केला असेल.

पन्नास सालानंतरचे दिवस होते. दवाखाना लहानच, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एक, केळकर साहेब. त्यांचा हात देवाचा आहे असं लोक म्हणत. आणि ज्याच्यावर शस्त्रक्रिया करायची त्याला भूल देऊन झोपवणारे, तो झोपलेला असेपर्यंत त्याला सांभाळणारे आणि परत जागं करणारे डॉक्टर म्हणजे मजीद. ते गावचेच. बाजारात त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. नागपूरला शिकून मुलगा डॉक्टर होऊन आला तेव्हा म्हाताऱ्यानं दुकानाशेजारची खोली रंगवून ठेवली होती. मुलगा तिथे बसेल, नाडी पाहील, बाटल्या भरून देईल. मुलगा तिथे चार महिने बसला आणि उठून दवाखान्यात गेला.

मी एकदा बांगड्या भरायला गेले होते, तेव्हा म्हातारा माझ्यापाशी कुरकुरला. "बाई, लोकं डागदराले वळखतात, सलाम करतात. आमच्या याले कोनीच वळखत नाही. वळखतील कसे? याच्यासमोर समदे झोपलेले!"

ते खरंच होतं. बरा झालेला माणूस घरी जाताना केळकर साहेबांच्या पायावर डोकं ठेवायचा, नारळ द्यायचा. मजीद डॉक्टर व्हरांड्यात त्याच्या शेजारून जात तरी त्याला पत्ता नसे. मला वाटायचं, त्यांना त्याचं काही नाही. पण एकदा असाच एक नारळ केळकर साहेबांच्या टेबलावरून उचलून त्यांनी कानाशी हलवला, पाणी आहे का पाहिलं, परत ठेवला, आणि म्हणाले, "सिस्टर, मलेही नारळ आवडते." आणि भराभर निघून गेले.

ते बसत नसत. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण खुर्चीवर नीट पाठ टेकून बसलेले मजीद डॉक्टर मला आठवत नाहीत. चहा बशीत ओतून ते चालता चालता पीत. त्यांची बायको नफीसाभाभी सांगायची की घरी ताट वाढलं की हे एक घास घेणार, दारापर्यंत जाणार, रस्त्यावर पाहणार, परत येऊन दुसरा घास घेणार. "कुत्ता भी बैठ के खाता है," ती म्हणायची. ते हसायचे, आणि तोवर तिसऱ्या घासाला दारात पोचलेले असायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ते वॉर्डात येत. केळकर साहेब रोग्याचं पोट पाहत. हे बाकीचा सगळा माणूस पाहत. जिना चढताना दम लागतो का? बिडी किती? दारू? खोटं नको सांगू, मी तुह्या बायकोले इचारीन. दात हलतो का कुठला? तोंड उघड. रात्री उशी किती घेतं? आणि सगळ्यात शेवटी, हलक्या आवाजात: "भेव वाटते काय?" जो 'नाही' म्हणे त्याच्याकडे ते जास्त वेळ थांबत.

मानोऱ्याकडचा एक गडी पोटातल्या गाठीसाठी आला होता. सकाळी टेबलावर घेतला, केळकर साहेब हात धुऊन तयार. मजीद डॉक्टरांनी जाळीचा मुखवटा त्याच्या तोंडावर धरला, आणि लगेच काढला. वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"काही खाल्लं?"

"नाही बाप्पा. काल सांजपासून उपाशी हावो."

"मंग तोंडाले तुपाचा वास कायले येऊन राह्यला?"

गडी दाराकडे पाहायला लागला. दाराबाहेरून त्याची आई बोलली, "खानं नाही जी ते. पोहरादेवीचा परसाद होता. परसाद काय खानं असते?"

"माय, देवीले मालूम हाय तो परसाद हाय," मजीद डॉक्टर दाराकडे पाहून म्हणाले. "पन भुलीत त्याले उलटी झाली अन् ते छातीत गेलं, तं छातीले मालूम नाही."

त्यांनी शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर टाकली. केळकर साहेब हातमोजे काढून आदळून गेले. आठवडाभर दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

दुसरा प्रसंग स्टोव्हचा. आमच्याकडे अवजारं उकळायचा स्टोव्ह लांबच्या खोलीत असायचा, कारण ईथर पेट घेतं. त्या पावसाळ्यात ती खोली गळायला लागली, आणि नव्या परिचारकानं कुणाला न विचारता पेटता स्टोव्ह ऑपरेशनच्या खोलीच्या दारामागे आणून ठेवला. आत रोगी अर्ध्या भुलीत होता. मजीद डॉक्टर मुखवट्यावर थेंब थेंब ईथर टाकत होते. एकदम त्यांची मान वळली. त्यांना स्टोव्हची फरफर ऐकू आली होती.

"सिस्टर, नाडी धरा," एवढंच ते म्हणाले. बाटलीला बूच लावलं, दार उघडलं, आणि पेटता स्टोव्ह वरच्या पातेल्यासकट उचलून अंगणात भिरकावला. उकळतं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. ते लंगडत आत आले आणि माझ्या हातातून नाडी परत घेतली.

"मजीद!" केळकर साहेब ओरडले. "माझी अवजारं!"

"साहेब, अवजारं उकळून झाली होती. आपण उकळायचे राहिलो होतो."

त्या दिवशी मी केळकर साहेबांना पहिल्यांदा रोग्यासमोर हसताना पाहिलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायची आणि कळायची नाही. दवाखान्यातून बाजारात जायला सरळ गल्ली होती, शिंप्यांची. मजीद डॉक्टर त्या गल्लीतून कधी जात नसत. मोठा वळसा घालून, कोर्टाच्या मागून जात. घाई असली तरी.

आता गोदाची गोष्ट.

रिठदहून एक बैलगाडी आली, दुपारची वेळ होती. गाडीत गोधड्यांच्या चळतीला टेकून एक पोर बसली होती, असेल एकवीस-बावीस वर्षांची. नऊ महिने भरलेले. ओठ जांभळे, आणि श्वास असा की दोन शब्द बोलली की तिसऱ्याला थांबायची. तिचा नवरा किसन गाडीच्या बाजूनं चालत आला होता. सासू आत गोधड्या सावरत होती.

केळकर साहेबांनी पाहिलं. मूल आडवं होतं, पोट उघडल्याशिवाय सुटका नव्हती. मजीद डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"लहानपनी सांधे सुजले होते काय तुहे? ताप आला होता?"

"हो," सासू मध्येच म्हणाली. "तिच्या मायनं सांगतलं होतं. पन लग्नाच्या टायमाले चांगली होती."

डॉक्टरांनी केळकर साहेबांना बाजूला घेतलं. मी जवळच उभी होते. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आवळली आहे, ते म्हणाले. रक्त पुढे जाऊ शकत नाही, मागे फुफ्फुसात साचतं. हिला आडवी केली तर फुफ्फुसात पाणी भरेल.

"मग ऑपरेशन करू नको म्हणतोस?"

"करा. पण तिला बसवून करा. ईथर मी देणार नाही. पोटाची जागा बधिर करा आणि करा."

"बसवून? बसलेल्या बाईचं पोट फाडू?"

"साहेब, झोपवाल तर मूल मिळेल. बाई मिळणार नाही."

केळकर साहेब रागानं लाल झाले. पण मजीद डॉक्टर नाही म्हणाले की टेबलाच्या उशाशी त्यांचा शब्द शेवटचा, हे प्रसादवाल्या गड्यापासून त्यांनी मानलेलं होतं.

गोदाला टेबलावर घेतलं. उशा पुरेनात, ती घसरत होती. तेव्हा मजीद डॉक्टर बूट काढून टेबलावर चढले, तिच्या मागे बसले आणि तिला छातीशी टेकवून घेतलं. एका हातात तिची नाडी, दुसऱ्या हातात प्राणवायूचा मुखवटा. आमच्याकडे प्राणवायूची एकच टाकी होती, ती त्यांनी उघडायला लावली. आणि मला सांगून तिच्या दोन्ही मांड्यांना रबरी पट्ट्या आवळून बांधून घेतल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पोर बाहेर आलं की पोटातलं रक्त एकदम हृदयाकडे धावते. तेवढं हृदयाले झेपनार नाही. थोडं पायातच अडवून ठेवू."

गोदा जागी होती. पुढे कापडाचा पडदा धरला होता. ती घाबरून श्वास घेत होती आणि ते तिच्या कानाशी बोलत होते, न थांबता. रिठदमध्ये कोनाच्या मळ्यात विहीर हाय? तुह्या सासूचा सैपाक तिखट असते काय? नवरा मारते तं नाही? सासू दाराबाहेर ऐकत होती.

"नाही मारत," गोदा धापा टाकत म्हणाली. "भोळा... हाय."

"भोळे लोक चांगले असतात. लांब श्वास घे. आता तुहं पोट ओढल्यासारखं वाटन, ते साहेबाचा हात हाय. माह्याकडे ध्यान दे."

मूल बाहेर आलं, रडलं. मुलगी. आणि त्याच क्षणी गोदाचा श्वास बदलला. छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज यायला लागला, ओठांवर गुलाबी फेस आला. तिनं मजीद डॉक्टरांचा हात पकडला, नखं रुतली.

"साहेब, पोटाकडे पाहा, इकडे पाहू नका," ते म्हणाले. "सिस्टर, ते श्वास शांत करायचं लहान इंजेक्शन, अर्धंच. हळू. पट्ट्यांना हात लावू नका."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ त्यांच्या खिशात होतं. ते तिला तसंच धरून बसले होते, आणि बोलणं थांबलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. नाडी मोजत होते की दुवा मागत होते, ठाऊक नाही. मग खळखळ कमी झाली. केळकर साहेबांनी शेवटचा टाका घातला. त्यानंतर मजीद डॉक्टरांनी एकेक पट्टी सोडली, एक सोडायची आणि वाट पाहायची, मग दुसरी.

मग ते टेबलावरून उतरले आणि बूट घातले. त्यांच्या सदऱ्याची पूर्ण छाती तिच्या घामानं भिजली होती.

गोदा जगली. पंधरा दिवसांनी घरी जाताना सासूनं केळकर साहेबांना नारळ दिला. गोदानं दुसरा नारळ पिशवीतून काढला आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत स्वतः चालत गेली. ती त्यांना ओळखत होती. मजीद डॉक्टरांना काम करताना पाहिलेली ती एकच रोगी असेल.

"डाक्टरदादा, हे घ्या."

मजीद डॉक्टरांनी नारळ घेतला. तो कानाशी हलवून पाहिला. मग ते रागावल्यासारखे म्हणाले, "पुन्हा पोट्टं होऊ देऊ नको. समजलं? नवऱ्याले माह्याकडे पाठव."

पण तिची झडप आवळलेली होती ती होतीच. मूल झालं म्हणून हृदय सुधारलं नव्हतं. ती दर दोन-तीन महिन्यांनी यायची, कधी तुरीच्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी घेऊन. ते नळी लावायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जास्त उतरायचा.

नागपूरचा त्यांचा एक वर्गमित्र मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात भूल द्यायचं काम करत होता. मजीद डॉक्टर त्याला पत्रामागून पत्र लिहायला लागले. त्यानं उत्तरासोबत विलायती मासिकं पाठवली. आणि त्या मासिकांत एका नव्या यंत्राची माहिती होती, हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सेसच्या खोलीत त्यांनी सलाईनच्या दोन बाटल्या, रबरी नळ्या आणि जखमेवर लावायच्या मर्क्युरोक्रोमचं लाल पाणी मांडलं. "पाहा. काळं रक्त हृदयात जायच्या आधीच इथून काढून घ्यायचं. यंत्रात त्याले हवा पाजायची. लाल झालं की इकडून परत धमनीत ढकलायचं. हृदय रिकामं, फुफ्फुसं रिकामी. दोन्ही थांबलेली. मंग सर्जननं हृदय उघडून, डोळ्यांनी पाहून झडप शिवायची."

"हृदय थांबलं तर माणूस जिवंत की मेलेला?" मी विचारलं.

"तेच तं!" त्यांनी टेबलावर हात मारला, लाल पाणी माझ्या एप्रनवर उडालं. "तेच सांगनं भूल देनाऱ्याचं काम हाय ना! नाडी नाही. श्वास नाही. छाती हालत नाही. आजवर मी जे पाहत आलो ते काहीच नाही. मंग मी पाहू काय? धमनीत नळी घालून रक्ताचा दाब पाहा. डोळ्याची बाहुली पाहा. लघवी उतरते काय ते पाहा. रक्त यंत्रात गोठू नये म्हनून औषध द्या, अन् मंग वेळेवर त्याचा उतारा द्या. जरा चुकलं तर टाक्याटाक्यातून रक्त येते. अन् सगळ्यात शेवटी, सिस्टर, यंत्राकडून काम काढून हृदयाले परत द्यायचं. हळूहळू. ते घेईल का नाही घेईल, कोनाले मालूम? तवा सर्जनचा हात रिकामा. तवा उशाशी उभा असते तो..."

ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मग थबकले. "अन् फुफ्फुसं बंद, तं ईथर जाईल कोठून? माणूस मधातच जागा झाला तं?"

हा प्रश्न त्यांच्या मागे लागला. तीन आठवडे ते त्याच्याच मागे. जेवणाच्या डब्यावर, केळकर साहेबांच्या मागून, एकदा तर पोस्टमनला थांबवून. आणि एक दिवस भर दुपारी आमच्या क्वार्टरच्या फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजायला लागली. मी बाहेर आले तर ते हातात पत्र नाचवत होते.

"यंत्रातूनच! सिस्टर, भूल यंत्रातूनच देता येते! नाही तं शिरेतून!"

बाकीच्या नर्सेस खिडकीतून हसत होत्या. त्यांनी घंटी आणखी दोनदा वाजवली आणि निघून गेले.

गोदाला मुंबईला न्यायचं त्यांनी ठरवलं. त्या काळात तिथे हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप मोकळी करायची शस्त्रक्रिया व्हायला लागली होती. सासू तयार नव्हती. "बोट घालनार? कालजात? मंग ते कालीज राह्यते काय?" किसन नुसता जमिनीकडे पाहत होता. गोदानंच सांगितलं, "जाते मी. इथंसा बसून बसून रातच्याले झोपता येत नाही. डाक्टरदादा येऊन राह्यले ना संगं?"

दादा येत होते. मला सोबत घेतलं. अकोल्याला गाडी बदलून आम्ही चौघं मुंबईला गेलो. गोदा बाकावर उशीला टेकून बसली, किसन तिच्या पायाशी. मजीद डॉक्टर डब्याच्या दारात उभे होते. भुसावळ मागे पडलं, तेव्हा मी त्यांना बसायला सांगायला गेले. तिथे दारातच, वाऱ्यावर ओरडून, त्यांनी मला शिंप्याची गोष्ट सांगितली.

नवे असताना त्यांनी एका शिंप्याला क्लोरोफॉर्म दिला होता. अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं साधं काम. चाकू लागायच्या आधीच त्याचं हृदय थांबलं. "माह्या बोटांखाली थांबलं," ते म्हणाले, "जसा कोनी चालता चालता बसून जाते." त्या संध्याकाळी त्यांनी क्लोरोफॉर्मच्या सगळ्या बाटल्या नालीत ओतल्या. शिंप्याची बायको आता तेच दुकान चालवते.

"ते मले सलाम करते. दरवेळी. तिनं एकदा इचारलं असतं ना, काय झालं म्हनून, तं बरं झालं असतं."

मी दाराची दांडी धरली. गाडीचा वेग वाढला. ते दारातून हलले नाहीत.

मुंबईच्या डॉक्टरांनी गोदाला तीन दिवस तपासलं. झडप नुसती आवळलेली नव्हती, गळतही होती. बोटानं उघडली तर अजून फाटेल. तिला हवं होतं ते हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी पाहून करायचं काम. आणि ते यंत्र तिथे होतं, पण अजून माणसावर वापरायच्या लायकीचं झालेलं नव्हतं. मागच्या एका खोलीत ते कुत्र्यांवर करून पाहत होते.

"किती दिवस लागतील?" मजीद डॉक्टरांनी वर्गमित्राला विचारलं. मी तिथेच होते.

"वर्ष. दोन वर्षं. मजीद, कुत्री वाचत नाहीत रे. हृदय परत सुरू होतं, संध्याकाळपर्यंत चालतं, आणि रक्त थांबत नाही."

परतीच्या प्रवासात गोदानं त्यांना विचारलं, "दादा, मंग काय म्हनते मुंबई?"

"म्हनते थोडं थांबा."

"थांबीन मी," ती म्हणाली. "पोट्टी चालाले लागली हाय, तिच्यामागं धावनं मातर होत नाही."

वाशीमला उतरल्यावर आठ दिवसांत मजीद डॉक्टरांनी नोकरीचा राजीनामा दिला. वर्गमित्रानं त्यांना तिथे मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. पगार इथल्यापेक्षा कमी, हुद्दा त्याहून कमी. वय चाळिशीच्या पुढे. म्हातारे वडील दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाले, "आता कुत्र्याले झोपवनार काय तू?" ते म्हणाले, "हो अब्बा." नफीसाभाभी मागाहून गेली.

जायच्या आधी ते शिंप्यांच्या गल्लीतून गेले. हे मला त्या बाईनंच सांगितलं. ते दुकानात उभे राहिले आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं होतं ते तिनं न विचारता त्यांनी सांगितलं, सगळं. तिनं ऐकलं. मग म्हणाली की मशीनला तेल घालायचं राहिलं आहे, आणि पाठ फिरवली. पुढे ती मला एवढंच म्हणाली: "कायले सांगतलं त्यायनं? मले अर्धं मालूम होतं, तेवढंच बरं होतं." त्यांनी केलं ते चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. चांगले होते, बसून चहा पीत. दवाखाना एकदम शांत वाटायला लागला.

गोदा आणखी सव्वा वर्ष थांबली. तूर काढायच्या दिवसांत एका सकाळी किसन दवाखान्यात आला. मुलगी त्याच्या खांद्यावर होती. अंगणात शेंगा सोलता सोलता गोदा गेली होती, टोपलं मांडीवर तसंच. तो ते सांगायला नऊ कोस चालत आला होता. म्हणाला, "दादाले कळवा. तिनं सांगून ठेवलं होतं." मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला पाठवलं. निघायच्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेले. मजीद डॉक्टर मागच्या आवारात आहेत असं कुणीतरी सांगितलं. त्यानंतर मी त्यांना कधी भेटले नाही. ते मला शेवटचे दिसले ते तिथेच, धुण्याच्या दोऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत.

ते एका पिवळ्या कुत्रीला दोरीनं फिरवत होते. कुत्रीची एक बाजू भादरलेली, तिच्यावर वितभर लांब टाक्यांची रेघ. डॉक्टर फार वाळले होते. केस पांढरे झाले होते.

"पत्र भेटलं होतं," मला पाहताच ते म्हणाले. "काय लिहू, सुचलं नाही. पोट्टी कशी हाय?"

"बरी आहे. आजीजवळ असते."

त्यांनी मान हलवली. कुत्रीची दोरी सैल सोडली. ती भिंतीचा वास घेत होती.

"हिचं हृदय नऊ मिनिटं बंद होतं," ते म्हणाले. "आज पाचवा दिवस. दूध पेते. काल वार्डबॉयले चावली."

"आणि आधीच्या?"

"आधीच्या नका इचारू."

वरच्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी हाक मारली, "डॉक्टर, पुढचं कुत्रं तयार आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवारात दुसरं कुणी नव्हतं. मग दोरी माझ्या हातात दिली.

"जरा धरा सिस्टर. वार्डबॉय येईल. पळू देऊ नका तिले, टाके कच्चे हायेत."

ते दोन दोन पायऱ्या चढत वर गेले आणि दार लागलं. कुत्रीनं दाराकडे पाहिलं, मग माझे बूट हुंगले. मग तिनं तोंड फाटकाकडे वळवलं, जिथून रस्त्याचा आवाज येत होता, आणि पुढचे पाय रोवून अशी ओढ घेतली की माझ्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. माझी गाडी चुकायची वेळ झाली होती. मी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि तिच्या मागून चालायला लागले.